ट्रिप बंद करायचे २८०० रुपये दिले, त्याची गोष्ट

मे महिन्यात अमळनेरला कूलर नसेल तर घर म्हणजे भट्टीच, आणि त्यातच रोज संध्याकाळी आमच्या एकट्याच्या घराची लाइट जायला लागली. गल्लीत सगळ्यांची चालू, आपलीच बंद. डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या खटक्यांची पेटी, उघडून पाहिलं तर आरसीसीबी पडलेली, काही जण तिला ईएलसीबी म्हणतात, कुठे करंट लीक झाला की खटकन पडते ती. वर केली की लाइट येते, दहा पंधरा मिनिटांनी परत खटक, यालाच ट्रिप म्हणतात. कूलर लावल्यावरच पडते हे चार दिवस डोळ्यासमोर होतं पण डोक्यात शिरलं नाही.

मग बाजारात एकाने नंबर दिला तो वायरमन बोलावला. आला, डीबीचं झाकण काढलं, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणे भाऊ ही वीक झाली, किती वर्षं झाली? घर २०१५ चं, म्हणून मलाही पटलं. कूलर, गीझर, बोअरची मोटर, कशालाच हात लावला नाही त्याने, आणि मीही विचारलं नाही. नवीन बसवली, २८०० घेतले, बिल नाही, खोका मागितला तर म्हणे दुकानावर राहिला. जुनी भंगारात जाईल म्हणून पिशवीत टाकून घेऊन गेला. ट्रिप मात्र खरंच बंद झाली, आणि मी इतका खुश की समोरच्या नानांनाही त्याचा नंबर देऊन टाकला.

दहा बारा दिवसांनी आई अनवाणी पायाने कूलरमध्ये पाइपने पाणी भरत होती, एकदम ओरडली, "माले करंट लागना रे भाऊ!" मी म्हटलं काही नाही, भास झाला असेल. नंतर स्वतः हाताची मागची बाजू कूलरच्या पत्र्याला टेकवली तर मुंग्या चालाव्यात तशी झिणझिण. टेस्टर लावला, आतला दिवा मंद लाल. पोटात गोळाच आला, कारण करंट लीक होतोय आणि नवीन आरसीसीबी शांत बसलीय, मग ती बसवली कशाला?

मेहुण्याच्या ओळखीचे एक आबा आहेत चोपड्याचे, आयुष्यभर वायरिंगचीच कामं केली, ते दुसऱ्या दिवशी आले. डीबीसमोर चष्मा सारखा करत म्हणाले, "टेस्टचं बटण कुठंय हिचं?" बटणच नाही. ती आरसीसीबी नव्हतीच मुळी, आयसोलेटर होता. म्हणजे फक्त फेज न्यूट्रल चालू बंद करायचा साधा स्विच. रुंदी तेवढीच, खटका तसाच, डीबीत लावला तर आपल्यासारख्याला काय कळतंय. आरसीसीबीवर टी लिहिलेलं छोटं बटण असतं आणि ३० एमए (मिली अँपिअर) किंवा ०.०३ ए असं छापलेलं असतं, यावर दोन्ही नव्हतं. किंमत विचाराल तर आरसीसीबीपुढे काहीच नाही.

आबांनी समजावलं ते लिहितो, मलाही पन्नाशी जवळ आली तरी माहीत नव्हतं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला पाहिजे, ३० मिली अँपिअरचा फरक पडेपर्यंत आरसीसीबी पडलेली असते, कारण तो फरक जमिनीत जातोय किंवा माणसातून जातोय. एमसीबी, म्हणजे जास्त लोड किंवा शॉर्ट झाला की पडणारा खटका, तिला हे कळतच नाही, १६ अँपिअरची एमसीबी म्हणजे १६००० मिली, ती ४०-५० मिलीला कशाला पडेल, आणि माणूस जायला तेवढे पुरतात. म्हणजे आमची जुनी आरसीसीबी चांगलीच होती, रोज ओरडून सांगत होती आणि मी पैसे देऊन तिचं तोंड बंद केलं.

नवीन आरसीसीबी आबांना सोबत घेऊन दुकानातून आणली, पक्कं बिल, वर आयएसआयचा शिक्का आणि आयएस १२६४० (आरसीसीबीच्या भारतीय मानकाचा नंबर) लिहिलेलं पाहून. लाइट चालू असताना टी दाबलं, खटकन पडली. मग सगळ्या प्लग पिना काढल्या, नुसती एमसीबी बंद करून भागत नाही कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. एकेक पिन परत लावत गेलो, फ्रिज ठीक, मिक्सर ठीक, कूलर लावला, पडली. कूलरचा पंप काढला, नुसता पंखा चालवला, नाही पडली. बोअरच्या जड पाण्याने पंप पांढरा फटक झालेला, आत पाणी शिरलेलं. नवा पंप ३५० रुपयांचा! वरून अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, म्हणून लीक झालेला करंट नीट जमिनीत न जाता पत्र्यावर येत होता. आता दर रविवारी त्यात दोन बादल्या पाणी टाकतो आणि टी बटण महिन्यातून एकदा दाबतो, घरात सगळे चिडतात कारण तेवढ्यात सीरियल बंद पडते.

त्या वायरमनला फोन केला. अजिबात ओशाळला नाही, "भाऊ तुम्ही ट्रिप बंद करा म्हटले, मी बंद करून दिली." पैसे सोडा, माझी जुनी तरी परत दे म्हटलं, तिच्यावर मी मार्करने घराची तारीख लिहिली होती. म्हणे ती तर लावून टाकली एका ठिकाणी. कितीला लावली विचारलं तर फोन कट. नानांकडे जाऊन त्यांची डीबी पाहिली, तारीख पुसट झालीय पण अक्षर माझंच आहे.