इनटेक मॅनिफोल्ड: मूळचा प्लास्टिकचा, ओतीव की पत्र्याचा?

ऑफिसच्या वेळी ठाण्यात घोडबंदर रोडला लागलात की इंजिन बहुतेक वेळ १,२०० ते ३,००० आरपीएममध्येच फिरतं. नवी मुंबईत पाम बीच मार्ग मोकळा मिळाला तरी पाचव्या गियरला त्याहून फार वर जावं लागत नाही. छोट्या गाडीला मूळचा काढून बाहेरचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांचा संच, बसवायचा असेल तर आधी हे आकडे बघा. ताकद कुठल्या आरपीएमला मिळणार, हे मॅनिफोल्ड ठरवतो.

इनटेक व्हॉल्व्ह बंद झाला की धावत आलेली हवा त्यावर थडकते आणि दाबाची लाट रनरमधून (एकेका सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीतून) उलटी प्लेनमकडे, म्हणजे थ्रॉटल बॉडीमागच्या हवेच्या पेटीकडे जाते. परत आलेल्या लाटेला व्हॉल्व्ह उघडा सापडला तर सिलिंडर जास्त भरतो. ३,००० आरपीएमला इंजिनाचा एक फेरा २० मिलिसेकंदांत होतो, ६,००० ला १० मिलिसेकंदांत. आरपीएम कमी तेवढा लाटेला ये-जा करायला वेळ जास्त, म्हणून लांब रनर खालच्या आरपीएमला पिकअप देतात आणि आखूड रनर वरच्या.

आताच्या बहुतेक छोट्या गाड्यांचा मूळचा मॅनिफोल्ड काचतंतू घातलेल्या नायलॉनचा असतो. रनर लांब आणि वळवलेले, आतून गुळगुळीत. नायलॉन उष्णता फार कमी वाहून नेतं, त्यामुळे कापूरबावडीच्या सिग्नलला पाच मिनिटं अडकलात तरी आतली हवा त्या मानाने थंड राहते. ॲल्युमिनियम मात्र इंजिनाची उष्णता पटकन ओढून घेतं. हवा तापली की ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि सिग्नल सुटल्यावर थोडा वेळ गाडी जड वाटते. प्लास्टिकची दुखणी दोनच: जोडावर तडा आणि कडक झालेलं रबरी गॅसकेट.

ओतीव ॲल्युमिनियमचे मॅनिफोल्ड होंडाच्या बी, डी आणि के मालिकेच्या इंजिनांसाठी स्कंक-टूसारख्या कंपन्यांचे तयार मिळतात. पण मालिकेचं अक्षर बघून मागवू नका. बी१६ चा मॅनिफोल्ड बी१८सी१ च्या हेडवर (सिलिंडरांवरच्या भागावर) बसत नाही. बोल्टची भोकं आणि पोर्ट (हवा आत जायची तोंडं) दोन्ही जुळायला हवेत. मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या पोर्टपेक्षा किंचित लहान असलं तर चालतं. मोठं असेल तर हवेच्या वाटेत हेडची कड आडवी येते आणि खर्च वाया जातो.

मारुती, ह्युंदाई, टाटा यांच्या छोट्या इंजिनांसाठी मात्र बहुतेक वेळा पत्रा वेल्ड करून मॅनिफोल्ड बनवून घ्यावा लागतो. वागळे इस्टेट, रबाळे एमआयडीसी भागात टिग वेल्डिंग आणि मिलिंग करणारे आहेत. फसगत इथेच जास्त होते. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज (हेडला टेकणारा सपाट भाग) वाकतो, म्हणून वेल्डिंग पूर्ण झाल्यावरच त्याचा फेस मारून (मशिनवर सपाट करून) घ्यायचा, आधी मारलेला उपयोगाचा नाही. ताबा घेताना फ्लँजवर सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरकी धरा. खाली ०.१० मि.मी.चा फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) शिरला तर परत करा. रनरमध्ये बोट फिरवा. आत वेल्डचे मणी लागले तर ते घासून काढायला लावा, कारण सुटलेला मणी थेट व्हॉल्व्हवर जातो. मग तोंडं बंद करून अर्धा बार हवा भरा आणि पाण्याच्या टबात बुडवा. एकही बुडबुडा चालणार नाही.

ब्रेक बूस्टर (पेडल हलकं करणारा), पीसीव्ही (इंजिनातली वाफ परत ओढणारा) आणि पर्ज व्हॉल्व्हच्या (टाकीतली पेट्रोलची वाफ सोडणाऱ्या) नळ्यांसाठी तोट्या आहेत का, तेही बघा. बूस्टरची तोटी बारीक राहिली तर ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं. मुंब्रा बायपासच्या उतारावर त्याचा अर्थ काय, हे सांगायला नको.

सीएनजीची गाडी असेल तर विचार इथेच थांबवलेला बरा. सिक्वेन्शियल किटचे (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस देणाऱ्या) नोझल रनरमध्ये भोक पाडून बसवलेले असतात. नव्या मॅनिफोल्डवर ते व्हॉल्व्हच्या जवळ आणि सगळ्या रनरमध्ये सारख्या अंतरावर बसवावे लागतात, नाहीतर मिसिंग येतं, म्हणजे सिलिंडर मधूनच पेटत नाही. सीएनजीवर बॅकफायर झालं तर प्लास्टिकचा मॅनिफोल्ड फुटू शकतो, हे खरं. पण त्याचं मूळ बहुधा प्लग, कॉइल किंवा चुकलेल्या मिश्रणात असतं. धातूचा बसवून ते जात नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या हवा मोजत नाहीत, मॅप सेन्सरने मोजलेल्या मॅनिफोल्डमधल्या दाबावरून तिचा अंदाज घेतात. तो अंदाज मूळच्या मॅनिफोल्डवर बेतलेला असतो. त्यामुळे रीमॅपचा (ईसीयूचे आकडे नव्याने बसवण्याचा) खर्च मॅनिफोल्डच्या किमतीतच धरा.

माझं मत सरळ आहे. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मूळचाच आणि वापर रोजचा असेल तर मॅनिफोल्ड बदलू नका. नवं गॅसकेट टाका, थ्रॉटल बॉडी साफ करा. कॅम बदललाय, इंजिन ६,००० च्या वर फिरवता आणि रीमॅपची तयारी आहे, तर ओतीव घ्या. पत्र्याचा मॅनिफोल्ड टर्बो किंवा ट्रॅकच्या गाडीसाठी ठेवा.

बसवताना आधी गाडीतल्या फ्यूल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. गॅसकेटला सिलिकॉन लावू नका, इंजेक्टरच्या ओ-रिंग नव्या घाला आणि त्यांना इंजिन ऑइलचं बोट फिरवा. एम८ बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर लागतात, पण मॅन्युअलमधला आकडा अंतिम.

नंतर आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनाची गती) वर-खाली होत असेल, चढा राहत असेल किंवा पी०१७१ कोड (मिश्रणात पेट्रोल कमी) आला तर हवा गळत असल्याचा संशय घ्या. स्कॅनरवर फ्यूल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली कमी-जास्ती) आयडलला वाढलेली आणि २,५०० आरपीएमला पुन्हा ठिकाणावर येत असेल तर संशय पक्का. अशी गाडी पीयूसीलाही अडते. बीएस४ पेट्रोल गाडीला आयडलवर हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतात आणि मिसिंग असलं की ते वर जातात. ५०० किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण थंड असताना बोल्ट पुन्हा तपासा. जुना मॅनिफोल्ड तोंडांना टेप लावून ठेवून द्या.