पाटीवर ‘टेकी’, आत मल्टिमीटर

आमच्या तालुक्याच्या गावी, बसस्थानकासमोरच्या ओळीत, ‘टेकी मंडळींचे दुकान’ अशी पाटी लावलेले मोबाईल व शेतीच्या विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीचे दुकान आहे. टेकी म्हटले की वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपनीतला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला नोकरदार येतो. परंतु बोलण्यात रुळलेल्या या इंग्रजी शब्दाला नोकरीची अट नाही. यंत्र उघडून ते कसे चालते हे पाहिल्याशिवाय ज्याला राहवत नाही, तो टेकी. त्याच अर्थाने वापरला जाणारा ‘गीक’ हा शब्द मात्र पूर्वी बराच बदनाम होता. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील जत्रांमध्ये जिवंत कोंबडीची मान दातांनी तोडून दाखवणाऱ्यास गीक म्हणत. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांमुळे रूढ झालेला ‘तंत्रस्नेही’ हा शब्द जवळचा खरा, पण त्याला शासकीय परिपत्रकाचा वास येतो.

दुकानदार मात्र पाटीला जागतो. आमच्या विहिरीवरील मोटारीचा मोबाईल स्टार्टर, म्हणजे फोन करून मोटार चालू-बंद करणारे यंत्र, कॉलला प्रतिसाद देईना, तेव्हा अन्यत्र नवा घेण्याचा सल्ला मिळाला होता. येथे पहिला प्रश्न सिमबद्दल आला. धाकट्या भावाने स्वस्त रिचार्जसाठी टाकलेले सिम केवळ 4जी जाळ्यावर चालणारे होते आणि स्टार्टरमधला भाग 2जीचा, त्यामुळे त्यांची गाठ पडणे शक्यच नव्हते. ‘‘सिम बदलवा भाऊ, मशीन नका बदलवू,’’ एवढे सांगून त्याने पैसेही घेतले नाहीत.

रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांना रोखण्यासाठी लावलेल्या, कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या झटका मशीनचा जोर कमी झाल्याची तक्रार घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याला त्याने यंत्र न उघडताच अर्थिंगविषयी, म्हणजे यंत्राच्या जमिनीशी असलेल्या जोडणीविषयी, विचारले. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग नीट मिळत नाही आणि तारेचा झटका क्षीण होतो, म्हणून सळई खोल ठोकून तेथे पाणी सोडावे, असे त्याचे म्हणणे. कुंपणाच्या तारेत थेट 230 व्होल्टची लाइन सोडण्याचा उपाय विचारणाऱ्यास तो सरळ परत पाठवतो, हे मला विशेष मोलाचे वाटते. कारण तो प्रकार जनावराइतकाच माणसाच्याही जिवावर बेततो.

उणिवा आहेतच. मागितल्याशिवाय पावती मिळत नाही, सुट्या भागांची हमी तोंडी असते, आणि दुरुस्तीला आलेल्या मोबाईलचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून त्यालाच चिकटवण्याची पद्धत, बँकेचे व्यवहार मोबाईलवर होत असताना, अजिबात समर्थनीय नाही. शिवाय एखाद्या बोर्डात मन गुंतले की समोर उभे असलेले गिऱ्हाईक त्याला दिसेनासे होते. बाजाराच्या दिवशी जाणे टाळावे. स्टार्टर नेताना सिम त्यातच राहू द्यावे आणि मोबाईल देताना पासवर्ड तात्पुरता बदलून द्यावा.