जागोजागी इफडेफ की प्रत्येक प्लॅटफॉर्मची वेगळी फाइल?

नांदेड-लातूरकडच्या कॉलेजात गेमचा प्रोजेक्ट म्हटलं की लॅबमध्ये विंडोज, एखाद्याच्या लॅपटॉपवर लिनक्स, आणि दाखवायचा असतो सगळ्यांना मोबाइलवर. एसडीएल ही गेमसाठीची तयार सी लायब्ररी घेतली की विंडो, आवाज, कीबोर्ड हे बरंचसं ती सांभाळते. उरलेल्या फरकांसाठी दोन वाटा.

पहिली, अडेल तिथे इफडेफ, म्हणजे ‘हा प्लॅटफॉर्म असेल तरच हा कोड घे’ अशी कंपायलरला सूचना. काम झटपट होतं. पण स्कोअरची फाइलच घ्या: विंडोजवर ती ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरात, लिनक्सवर होममधल्या लपलेल्या फोल्डरात, अँड्रॉइडवर ॲपच्या खासगी जागेत. हे तीन फाटे सेव्ह, लोड, सेटिंग असे सगळीकडे लिहिले की कोड वाचणं कठीण होतं. शिवाय विंडोजवर बिल्ड करताना अँड्रॉइडचा फाटा कंपाइलच होत नाही. तिथला राहिलेला सेमीकोलन सापडतो सबमिशनच्या आदल्या रात्री.

दुसरी, हेडर (फंक्शनांची नावं सांगणारी फाइल) एकच आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मची फाइल वेगळी. कोणती घ्यायची ते सीमेक हे बिल्डचं साधन ठरवतं. कंपाइलचा तो घोळ इथेही सुटत नाही, पण शोधायचं कुठे ते तरी कळतं. एसडीएल स्वतः आतून असंच आहे: विंडोज, लिनक्सवरचे एक्स११ आणि वेलँड, मॅकवरचं कोकोआ, प्रत्येकाचा व्हिडिओ ड्रायव्हर आपापल्या फोल्डरात. मला हीच वाट पटते.

मात्र आधी लायब्ररी नीट चाळा. स्कोअरची जागा एसडीएलचं गेटप्रेफपाथ हे फंक्शन एका ओळीत देतं. अँड्रॉइडच्या असेट्समधली, म्हणजे ॲपच्या पॅकेजातली, चित्रं सीच्या साध्या एफओपन फंक्शनने उघडत नाहीत, एसडीएलच्या फाइल फंक्शनांनी उघडतात. एका ओळीचा फरक असेल तर मीही खुशाल इफडेफ टाकतो.