‘लॅपटॉपचा टीव्ही करा’ म्हणून विकलेली केबल: फसवणुकीचा अनुभव

गेमिंग कन्सोल लॅपटॉपला जोडा आणि लॅपटॉपची स्क्रीन टीव्हीसारखी वापरा, असं सांगून सध्या ऑनलाइन तऱ्हेतऱ्हेच्या वस्तू विकल्या जातात. त्यातल्या दोन माझ्या गळ्यात मारल्या गेल्या, त्याही एकाच विक्रेत्याकडून, एकामागून एक. पैसे गेल्याचा राग आहेच. पण त्याहून जास्त राग येतो तो विक्रेत्याला सगळं ठाऊक असूनही त्याने जाणूनबुजून खोटं सांगितलं याचा. त्याच्या जाळ्यात बहुतेक करून विद्यार्थी, वसतिगृहात राहणारी मुलं आणि घरात एकच टीव्ही असलेले लोक सापडतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

धाकट्या भावाकडे प्लेस्टेशन ४ होतं, त्याच्या खोलीत टीव्ही नव्हता आणि लॅपटॉप चांगला होता. शोधताना एक जाहिरात दिसली. दोन्ही टोकांना एचडीएमआय (टीव्हीला चित्र आणि आवाज नेणारी जोडणी) असलेली केबल, खाली ठळक अक्षरांत ‘बायडायरेक्शनल’, म्हणजे दोन्ही दिशांनी चालणारी, आणि ‘कन्सोलचा गेम थेट लॅपटॉपच्या स्क्रीनवर, प्लग अँड प्ले’. साध्या केबलच्या कितीतरी पट किंमत. मागवण्याआधी मी चॅटवर स्पष्ट विचारलं, ‘माझ्या लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टमध्ये लावल्यावर प्लेस्टेशनचं चित्र दिसेल ना?’ उत्तर आलं, ‘हो सर, शंभर टक्के, सगळ्या लॅपटॉपवर चालतं.’ हे उत्तर पुढे फार उपयोगी पडलं.

केबल आली, लावली, काहीच झालं नाही. ‘सिग्नल नाही’ असा संदेशसुद्धा आला नाही. काही लावलं आहे याचा लॅपटॉपला पत्ताच नव्हता.

याचं कारण नीट समजून घ्या, कारण फसवणूक याच अज्ञानावर उभी आहे. लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतो, आत घेण्यासाठी नसतो. पोर्टच्या तारा ग्राफिक्स चिपच्या पाठवणाऱ्या भागाला जोडलेल्या असतात. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन ईडीपी किंवा जुन्या मॉडेलमध्ये एलव्हीडीएस नावाच्या वेगळ्या आतल्या जोडणीवर चालते. बाहेरून आलेला एचडीएमआय सिग्नल घेऊन तो स्क्रीनपर्यंत नेणारी चिप मुळात तिथे नसतेच. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १८ क्रमांकाच्या पिनेवर पाठवणारं उपकरण ५ व्होल्ट देतं, टीव्ही १९ क्रमांकाच्या पिनेवर ‘मी आहे’ असं कळवतो, आणि मग आपण कोणतं रिझोल्यूशन दाखवू शकतो याची माहिती देतो. कन्सोल आणि लॅपटॉप जोडले की दोन्हीकडे बोलणारेच, ऐकणारं कुणी नाही. केबल सोन्याची असली तरी यात फरक पडत नाही. साध्या एचडीएमआय केबलमध्ये फक्त तारा असतात, दिशा ठरवण्याची ताकद तिच्यात नसते.

अपवाद आहेत, पण फार थोडे. डेलच्या एलियनवेअर मालिकेतल्या एम१७एक्स आणि एम१८एक्स अशा काही जुन्या मॉडेल्सना एचडीएमआय इनपुटचा वेगळा पोर्ट होता. तुमच्या लॅपटॉपला तशी सोय असेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात ‘एचडीएमआय इन’ असं स्पष्ट लिहिलेलं सापडेल. नुसतं ‘एचडीएमआय’ लिहिलं असेल तर तो आउटपुट समजा.

‘बायडायरेक्शनल’ हा शब्द विक्रेत्याने हवेतून आणलेला नाही, आणि म्हणूनच तो जास्त धोकादायक आहे. बायडायरेक्शनल एचडीएमआय स्विच नावाची खरी वस्तू मिळते. एक कन्सोल दोन टीव्हींपैकी हव्या त्या टीव्हीला जोडायचा, किंवा दोन उपकरणं एकाच टीव्हीला जोडायची, हे तिचं काम. तिच्यामुळे आउटपुट पोर्टचा इनपुट होत नाही. फोटोंचंही तसंच. जाहिरातीतल्या एका फोटोत कन्सोलमधून निघालेली केबल एका पातळ स्क्रीनच्या यूएसबी सी पोर्टात गेलेली होती आणि स्क्रीनसमोर कीबोर्ड ठेवला होता. नंतर निरखून पाहिलं तर तो पोर्टेबल मॉनिटर होता. पोर्टेबल मॉनिटरला एचडीएमआयकडून यूएसबी सीकडे जाणारी विशेष केबल खरोखर चालते, कारण मॉनिटर चित्र घेण्यासाठीच बनवलेला असतो. लॅपटॉपच्या यूएसबी सी पोर्टातूनही चित्र बाहेरच जातं. यूएसबीला लावून दुसरा मॉनिटर जोडायचे जे अडॅप्टर मिळतात, तेही एकाच दिशेने चालतात.

तक्रार केल्यावर विक्रेता म्हणाला, ‘सर, तुमच्या लॅपटॉपचा एचडीएमआय ड्रायव्हर जुना आहे.’ ड्रायव्हर म्हणजे एखादा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर. सोबत एक लिंक पाठवली आणि फाइल उतरवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं. मी ती लिंक उघडली नाही, तुम्हीही उघडू नका. नसलेली चिप कोणताही ड्रायव्हर आणू शकत नाही, त्यामुळे ‘इनपुट सुरू करणारा ड्रायव्हर’ अशी गोष्टच अस्तित्वात नाही. अँटिव्हायरस बंद करून अनोळखी फाइल चालवली तर लॅपटॉपमधली खाती, पासवर्ड आणि बँकेचे व्यवहार सगळंच पणाला लागतं. तुमच्या स्क्रीनचा ताबा मागणारं ॲप टाकायला सांगितलं तरी तेच समजा.

लिंकचा डाव फसल्यावर त्याने सूर बदलला. केबल परत घेतो म्हणाला, पण रिफंडऐवजी ‘प्रो मॉडेल’ देतो, वर थोडे पैसे भरा. ते प्रो मॉडेल म्हणजे कॅप्चर कार्ड होतं. इथे मला आशा वाटली, कारण कॅप्चर कार्ड ही खरी आणि योग्य वस्तू आहे. कन्सोलचा एचडीएमआय सिग्नल घेऊन ती यूएसबीवरून लॅपटॉपला देते, लॅपटॉप तिला वेबकॅमसारखं ओळखतो, आणि ओबीएस स्टुडिओसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्र दिसतं. खोक्यावर लिहिलं होतं: ‘४के, ६० फ्रेम्स, यूएसबी ३.०, झिरो लॅग’. म्हणजे अतिशय बारीक चित्र, सेकंदाला ६० चित्रं, जलद जोडणी आणि अजिबात उशीर नाही. प्लगच्या आतला प्लास्टिकचा तुकडाही यूएसबी ३.० सारखा निळा.

चित्र आलं, पण क्रिकेटच्या गेममध्ये चेंडू बॅटला लागून गेल्यावर बॅट फिरायची. हालचाल झाली की चित्र चौकोनी ठिपक्यांनी फाटायचं. भाऊ दोन सामन्यांतच कंटाळला. लॅपटॉपच्या सिस्टिम माहितीत त्या उपकरणाचा वेग पाहिला तर सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे सरळ यूएसबी २.०. निळं प्लास्टिक ही नुसती रंगरंगोटी होती. खऱ्या यूएसबी ३.० चा वेग ५ गिगाबिट असतो.

हिशेब केला की खोटेपणा उघडा पडतो. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला २ बाइट, सेकंदाला ६० फ्रेम्स, म्हणजे साधारण २ गिगाबिट. ही माहिती ४८० मेगाबिटमधून जशीच्या तशी जाणं शक्यच नाही, म्हणून असं कार्ड प्रत्येक फ्रेम दाबून लहान करतं आणि फ्रेम्सही ३० वर आणतं. अशा बहुतेक स्वस्त कार्डांत मॅक्रोसिलिकॉन कंपनीची एमएस२१०९ ही चिप असते. ती ४के सिग्नल आत घेते, पण लॅपटॉपला देते १०८०पी (तेच १९२० गुणिले १०८० ठिपके) आणि ३० फ्रेम्स. ‘४के’ हा शब्द फक्त आत येणाऱ्या बाजूपुरता खरा, आणि तेवढं अर्धसत्य पकडून सगळी जाहिरात रचलेली. चिपला मी दोष देणार नाही. बुद्धिबळ, पत्ते, सावकाश चालणारे खेळ किंवा साधं रेकॉर्डिंग यासाठी ती पुरते. पण शर्यत, नेमबाजी, क्रिकेट यांसाठी ‘झिरो लॅग’ म्हणून विकणं ही सरळ लबाडी आहे. ३० फ्रेम्सवर एकेक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची, त्यात दाबण्याचा आणि उलगडण्याचा वेळ, वर सॉफ्टवेअरचा. बोटांना तो कळतोच.

आणखी एक बहाणा ऐकायला मिळेल: ‘चित्र काळं येतं, कारण तुमचा कन्सोल खराब आहे.’ बहुतेक वेळा ते एचडीसीपी नावाचं कॉपी संरक्षण असतं. प्लेस्टेशन ४ आणि ५ मध्ये ते सेटिंगमधून बंद करता येतं, मात्र ते बंद असताना काही व्हिडिओ ॲप चालत नाहीत. प्लेस्टेशन ३ मध्ये एचडीएमआयवर ते बंदच करता येत नाही. निन्टेंडो स्विच लाइटला तर चित्र बाहेर काढायची सोयच नाही, तरी त्याच्यासाठीचे ‘टीव्ही अडॅप्टर’ विकायला आहेत.

ज्यासाठी मी पैसे मोजले, ते काम भावाने शेवटी फुकट केलं. सोनीचं पीएस रिमोट प्ले हे अधिकृत ॲप विंडोज आणि मॅकवर चालतं, एक्सबॉक्सलाही स्वतःची रिमोट प्लेची सोय आहे. चित्र घरच्या नेटवर्कवरून येतं. सोनी किमान ५ मेगाबिट वेग मागते आणि १५ असावा असं सुचवते. कन्सोल राउटरला तारेने जोडला तर फरक लगेच जाणवतो. थोडा लॅग इथेही असतो. एक अडचण मात्र आधीच लक्षात घ्या: कन्सोलच्या सेटिंगमध्ये रिमोट प्ले एकदा चालू करावं लागतं, त्यासाठी तासाभरापुरता कुणाचा तरी टीव्ही लागतो. चुरशीचे खेळ खेळायचे असतील तर कॅप्चर कार्डापेक्षा जुना, वापरलेला मॉनिटर कितीतरी बरा. फक्त त्याला एचडीएमआय इनपुट आहे ना, ते पाहून घ्या.

पैशांचं असं झालं. ‘पाकीट उघडलं आहे’ म्हणून विक्रेत्याने रिफंड नाकारला. तक्रार गेल्यावर त्याने जाहिरातीचा मजकूरही बदलला, ‘फक्त टीव्हीसाठी’ अशी बारीक ओळ खाली घातली. पण जुन्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि ते ‘शंभर टक्के’वालं चॅट माझ्याकडे होतं. ‘वस्तू चालत नाही’ असं न लिहिता ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ असं लिहून, दोन्ही पुरावे जोडून, मी कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहारावर हरकत घेतली. केबलचे पैसे परत मिळाले. कॅप्चर कार्डाचे नाही, कारण त्याची वरची रक्कम विक्रेत्याने वेबसाइटबाहेर, थेट खात्यात घेतली होती. त्या भागाला कसलंच संरक्षण नव्हतं. ‘फरक थेट पाठवा’ असं कुणी म्हटलं की तिथेच व्यवहार थांबवा.

तीच केबल आता दुसऱ्या नावाच्या दुकानातून विकली जाते आहे. फोटो तेच आहेत: पातळ स्क्रीन, समोर कीबोर्ड, मागे निळा प्रकाश. विकत घेण्याआधी विक्रेत्याला एवढंच लेखी विचारा, ‘या वस्तूत एचडीएमआय सिग्नल घेणारी चिप आहे का, आणि ती लॅपटॉपला कोणत्या यूएसबी वेगाने, किती रिझोल्यूशन आणि किती फ्रेम्स देते?’ मी नव्या नावाच्या दुकानाला हाच प्रश्न पाठवला. त्यांनी उत्तर न देता मला ब्लॉक केलं.