सॅटेलाइट रेडिओला पैसे भरावे का? डेन्व्हर ते सॉल्ट लेक, दोन वर्षांचा अनुभव

नवीन गाडी घेतली तेव्हा सिरियस एक्सएम, म्हणजे थेट उपग्रहावरून वाजणारा रेडिओ, 3 महिने फुकट मिळालं होतं, मग पैसे भरून चालू ठेवलं, आता दोन वर्षं होतील. ऑफिसातले आपले मराठी लोक हमखास विचारतात की अरे एफएम फुकट, फोनवर सगळं फुकट, मग रेडिओला पैसे कोण देतं? म्हटलं एकदाच लिहून टाकावं.

डेन्व्हरमध्येच फिरत असाल तर घेऊ नका, विषय संपला. माझा भाऊ सॉल्ट लेक सिटीला राहतो, वर्षातून तीनचार चकरा होतात आणि खरी किंमत कळते ती त्या रस्त्यावर. फोर्ट कॉलिन्सपर्यंत एफएम झक्कास लागतं, तिथून 287 नंबरचा हायवे पकडून लॅरमीकडे निघालं की खरखर सुरू. एफएमची लहर सरळ जाते, मध्ये डोंगर आला की अडली, आणि टॉवरपासून साठसत्तर किलोमीटर लांब गेलं की गाणं ऐन कडव्यात तुटतं आणि त्याच नंबरवर भलत्याच गावच्या चर्चचं प्रवचन चालू होतं. पुढे आय-80 हायवेवर लॅरमी ते रॉलिन्स शंभर मैल नुसतं गवत, वारा आणि ट्रक, फोनची रेंज येते-जाते, ॲपवरचं गाणं गोल गोल फिरत बसतं. तिथे हा रेडिओ मात्र घरून लावलेलं चॅनल भावाच्या दारापर्यंत तसंच वाजवतो, हात लावायला नको. उपग्रह 36 हजार किमी वर, त्याला कसला डोंगर नि कसलं गाव. (एक्सएमच्या पहिल्या दोन उपग्रहांची नावं रॉक आणि रोल होती, 2001 साली सोडलेले, मला हे फार आवडतं.)

पुलाखालून गाडी गेली तरी आवाज तुटत नाही याचं मला आधी लय नवल वाटायचं. नंतर वाचलं की तोच कार्यक्रम काही सेकंदांच्या फरकाने दोनदा पाठवतात, एक हुकला की दुसरा भरून काढतो. लांब बोगदा किंवा पार्किंगचं तळघर असेल तर मात्र उपाय नाही, आकाश दिसायलाच हवं.

गाण्यांच्या चॅनलवर जाहिराती नाहीत हे सुख वेगळंच. बातम्या नि खेळांच्या चॅनलवर आहेत, तेव्हा पैसे भरले म्हणजे जाहिराती गेल्या असं समजू नका. आवाजाचं म्हणाल तर फ्रिक्वेन्सीच्या एवढ्याशा पट्ट्यात एवढी चॅनलं कोंबायची म्हणजे दाबूनच पाठवणार, चांगल्या एफएमचा भरीवपणा त्यात नाही. गाडीच्या घरघरीत आपल्याला काय कळतंय म्हणा.

आता उलटी बाजू. गेल्या हिवाळ्यात मी सत्तरच्या दशकातली गाणी लावून मस्त गुणगुणत लॅरमीला पोचलो, पंपावर थांबलो, बायको कॉफी आणायला आत गेली आणि तशीच रिकाम्या हाताने परत आली. "अरे, आत रेडिओवर सांगतायत, पुढे आय-80 बंद केलाय, वाऱ्याने ट्रक आडवे झालेत!" काउंटरवरचा जुनाट डबा, गावातलंच स्टेशन, त्याला सगळं माहीत. मला काहीच नाही. चूक माझीच, अख्ख्या देशासाठी वाजणारं चॅनल त्या रस्त्यावरच्या एल्क माउंटनचा वारा कशाला सांगेल? रात्र लॅरमीच्या मोटेलात काढली. तेव्हापासून दर तासाला एकदा लोकल स्टेशन लावतो, नाहीतर डेन्व्हरचं केओए 850, ते एएम आहे, 50 हजार वॅट, रात्री तर कुठल्या कुठे ऐकू येतं. आणि फुकट.

मराठी काही मिळेल या आशेवर राहू नका. पुण्यात काकांकडे वर्ल्डस्पेस होतं, तोही उपग्रहावरचाच रेडिओ, त्याचा छोटा अँटेना गॅलरीच्या कठड्यावर आग्नेयेकडे तोंड करून ठेवलेला असायचा, कुणी कपडे वाळत घातले की शास्त्रीय संगीत गप्प आणि काका गॅलरीत हजर. 2009 च्या 31 डिसेंबरला ते बंद झालं, डबा कपाटावर अजून आहे. मराठी ऐकायचं तर मी निघण्याआधी फोनमध्ये भरून घेतो, रॉलिन्सच्या रस्त्यावर नेटवर आकाशवाणी लावायच्या भानगडीत पडत नाही.

पैशाचं एक लक्षात ठेवा. वर्गणी रद्द करणं किती किचकट ठेवलंय यावरून न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने डिसेंबर 2023 मध्ये सिरियस एक्सएमवर केस केली होती. त्यामुळे फुकटचे 3 महिने जरूर वापरा, एक लांबचा प्रवास त्यातच उरकून घ्या, पण कार्ड नंबर देण्याआधी नूतनीकरणाचा दर नीट वाचा आणि शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधीची आठवण फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.