एन्जिनएक्सचे कॉन्फिग वाचायला क्रॉसप्लेन: काही महिने रोज वापरल्यावर

आमच्या सगळ्या वेब सर्व्हरचे कॉन्फिग तपासणारं एक मॉड्यूल मी लिहिलंय आणि त्याच्या पोटात क्रॉसप्लेन आहे, एन्जिनएक्स या वेब सर्व्हरवाल्यांनीच ओपन सोर्स केलेला पायथनमधला पार्सर, म्हणजे फाइल वाचून तिची रचना उलगडणारा प्रोग्रॅम. आता बरेच महिने रोज चालतंय म्हणून सविस्तर लिहितो.

एन्जिनएक्सची फाइल दिसायला एकदम सोपी. डायरेक्टिव्हचं (म्हणजे एका सूचनेचं) नाव, पुढे आर्ग्युमेंट (तिला दिलेल्या किमती), शेवटी सेमीकोलन नाहीतर महिरपी कंसातला ब्लॉक. म्हणून लोक ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) आणि रेजेक्सवर (शोधायच्या मजकुराचा नमुना) भागवतात, आणि साध्या फाइलवर ते चालतंही. पण हॅश नव्या शब्दाच्या सुरुवातीला आला तरच कॉमेंट, शब्दाच्या मध्ये आला तर तो त्याच शब्दाचा भाग. डॉलरनंतर आलेला महिरपी कंस व्हेरिएबलचा, त्याने ब्लॉक उघडत नाही. लोकेशनच्या (ठरावीक पत्त्यांना लागू होणाऱ्या ब्लॉकच्या) रेजेक्समध्ये चार आकडी वर्ष पकडायला महिरपी कंस वापरायचे तर अख्खा रेजेक्स कोट्समध्ये हवा. लॉग फॉरमॅट पाच-सहा ओळी पसरतो. आणि वर इन्क्लुडमध्ये स्टार टाकून अख्खा फोल्डर ओढलेला असतो! हे सगळं हाताने सांभाळण्यात अर्थ नाही, तयार टोकनायझर (मजकुराचे शब्द नीट तोडून देणारा) घ्यावा हे माझं ठाम मत.

क्रॉसप्लेन जे जेसन (प्रोग्रॅमला सहज वाचता येणारा डेटा) देतो ते मला फार आवडलं. प्रत्येक डायरेक्टिव्हला नाव, ओळ नंबर, आर्ग्युमेंटची यादी, आणि ब्लॉक असेल तर आत तसंच पुन्हा. इन्क्लुड असेल तर कुठल्या कुठल्या फाइल आल्या त्यांचे इंडेक्स मिळतात, कंबाइन ऑप्शन दिला तर सगळं एका झाडात येतं आणि तरी प्रत्येक नोडवर मूळ फाइलचं नाव राहतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये "अमुक फाइल, अमुक ओळ" असं नेमकं बोट ठेवता येतं. एखादी फाइल बिघडलेली असली तरी तो तिथे थांबत नाही, एरर नोंदवून पुढे जातो. आणि मुख्य म्हणजे एन्जिनएक्स इन्स्टॉल नसलेल्या मशिनवरसुद्धा चालतो. एन्जिनएक्सचा स्वतःचा कॅपिटल टी ऑप्शनही पूर्ण कॉन्फिग ओततो, पण त्याला सर्टिफिकेटसकट सगळं जागेवर लागतं आणि हाती येतो तो नुसता मजकूर.

आता खरी गोष्ट. क्रॉसप्लेन रचना देतो, अर्थ देत नाही, आणि डिझाइनची सगळी मेहनत त्या अर्थात आहे. सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण ॲड-हेडर, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराला हेडर जोडणारा डायरेक्टिव्ह. सर्व्हर ब्लॉकमध्ये तुम्ही सिक्युरिटीचे चार हेडर लावलेत आणि आतल्या एका लोकेशनमध्ये कॅशसाठी एकच हेडर जोडलात, की डिफॉल्ट नियमाने वरचे चारही त्या लोकेशनला लागू होत नाहीत, कारण आतल्या पातळीवर एकही ॲड-हेडर नसेल तरच वरचे खाली येतात. शिवाय ऑलवेज लिहिलं नसेल तर ४०४ किंवा ५०० च्या उत्तरावर हेडर जातच नाही. झाड बघून हे डोळ्याला दिसत नाही. म्हणून मी पार्सिंगच्या वर वेगळा थर ठेवला जो प्रत्येक लोकेशनला शेवटी नक्की काय लागू होतं ते काढतो, आणि तपासणीचे नियम फक्त त्या थराशी बोलतात, जेसनला हातच लावत नाहीत. उद्या खालचा पार्सर बदलला तरी नियम तसेच राहतील. नवीन मॉड्यूल लिहिणाऱ्यांनी ही भिंत पहिल्याच दिवशी घालावी.

बारीक गोष्टी पण सांगतो. इफच्या अटीतले बाहेरचे गोल कंस तो काढून टाकतो. मॅप ब्लॉकमध्ये (तो एका किमतीवरून दुसरी ठरवतो) प्रत्येक ओळीतली डावी किंमत डायरेक्टिव्हच्या जागी येते, त्यामुळे झाडात फिरताना मॅप वेगळा हाताळा नाहीतर होस्टची नावं डायरेक्टिव्ह म्हणून मोजली जातील. कॉमेंट आपणहून येत नाहीत, मागाव्या लागतात. स्ट्रिक्ट मोड अनोळखी डायरेक्टिव्हला एरर देतो, थर्ड पार्टी मॉड्यूल असतील तर ते लक्षात ठेवूनच लावा.

फाइल परत लिहायची सोयही आहे, पण रिकाम्या ओळी आणि माणसाने केलेली मांडणी तिथे टिकत नाही. कोडने तयार होणाऱ्या फाइलना ते उत्तम. हाताने सांभाळलेल्या फाइलला मात्र मी फक्त ओळ नंबर घेतो आणि तेवढीच ओळ बदलतो, म्हणजे गिटमध्ये डिफ लहान राहतो आणि रिव्ह्यू करणाऱ्याला काय बदललं ते लगेच कळतं. ओळ नंबर डायरेक्टिव्ह जिथे सुरू होतो तिथला असतो, कुठे संपतो ते मिळत नाही, तेव्हा लांबलचक लॉग फॉरमॅट असा बदलायला जाऊ नका.

गो भाषेत काम करणाऱ्यांसाठी याचीच गो आवृत्ती आहे. अपाची हा दुसरा वेब सर्व्हर वापरत असाल तर हे टूल तुमच्यासाठी नाही, तिथली भाषाच वेगळी, ओळ संपली की डायरेक्टिव्ह संपतो आणि पुढच्या ओळीवर न्यायचा तर शेवटी बॅकस्लॅश लागतो. तिकडे ऑगियस या कॉन्फिग वाचणाऱ्या-बदलणाऱ्या टूलची अपाचीसाठीची लेन्स (त्या फाइलच्या रचनेचं वर्णन) बघा.