व्हेर्ने की जेरिको : घोडा कुणाकडून शिकावा?

फ्रेंच रेखाटनं समोर ठेवून घोड्यावर हात बसवायचा म्हटलं की कार्ल व्हेर्ने (१७५८–१८३६) आणि थेओडोर जेरिको (१७९१–१८२४) या दोन चित्रकारांपाशी गाडी अडते. जेरिको तरुणपणी व्हेर्नेच्याच स्टुडिओत शिकला, तरी दोघांचे घोडे एका तबेल्यातले वाटत नाहीत. मी दोघांच्याही नकला भरपूर केल्या आहेत.

शिकारीचा प्रसंगच काढायचा असेल तर व्हेर्ने उजवा. हरणामागे लागलेले कुत्रे, कर्णा फुंकणारा स्वार, मागची झाडी हे सगळं तो गर्दी न करता बसवतो. सडपातळ घोडे, डौलदार माना, नेमकी रेघ.

मला नडली ती त्याची भरधाव दौड. पुढचे दोन्ही पाय पुढे ताणलेले, मागचे दोन्ही मागे, एकही खूर जमिनीवर नाही. त्या काळचे सगळेच असं काढायचे, त्यामुळे त्याला बोल लावणं बरोबर नाही. धावत्या घोड्याचे चारही खूर हवेत असतात तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात, हे छायाचित्रकार मायब्रिजच्या फोटोंनी दाखवलं ते १८७८ मध्ये. पण नकल करताना माझी पंचाईत व्हायची ती सावलीपाशी. भार कुठल्याच पायावर नाही, मग खांदा कुठे दाटवायचा, पुठ्ठा (घोड्याचा ढुंगणाकडचा भाग) कुठे फुगवायचा? खोडून खोडून कागदाला लव यायची. पुढे पुढे तर माझे उभे घोडेही तरंगल्यासारखे दिसू लागले.

जेरिकोने १८२१ मध्ये लंडनमध्ये शिळाछाप चित्रांची एक मालिका केली. तीत ओझ्याच्या गाड्यांचे घोडे आहेत, नालबंद आहे. अॅडेल्फी धक्क्याच्या कमानीतून अंधारात शिरणारे पाठमोरे घोडे मी सात-आठ वेळा उतरवले. तोंडं जवळपास दिसतच नाहीत. जे काही आहे ते पुठ्ठ्यांत आणि मागच्या पायांत. नंतर माथेरानला एक घोडा उभा दिसला. मागचा एक पाय सैल सोडून खुराच्या टोकावर टेकवलेला, त्या बाजूचा पुठ्ठा खाली उतरलेला. एरवी माझं तिकडे लक्षही गेलं नसतं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या वहीतला घोडा जमिनीवर उभा राहिला.

जेरिकोही चुकतो, हे सांगायला हवं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या त्याच्या एप्समच्या डर्बीच्या, म्हणजे घोड्यांच्या शर्यतीच्या, चित्रात घोडे व्हेर्नेसारखेच हवेत पसरलेले आहेत. चित्र म्हणून मला ते फार आवडतं, पण नकलेला घेऊ नका. शिवाय शिकारीची मांडणी त्याच्याकडे शोधाल तर हाती फारसं लागणार नाही.

तुमचा हात आधीच तयार असेल तर कदाचित व्हेर्नेपासूनही बिघडणार नाही. नवखे असाल तर, मला वाटतं, निदान दोन-तीन महिने जेरिकोचे गाडीचे घोडेच काढा, तेही मऊ काळ्या खडूने आणि खुरांपासून वर चढत. कुत्रे, कर्णा, झाडी त्यानंतर व्हेर्नेकडून घ्या.